लांजेवार बाईंचं कुंपण

लांजेवार बाई सकाळी मेंदी छाटताना तारीख म्हणायच्या. इंग्रजीत, मोठ्यानं, आजूबाजूच्या चार क्वार्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ट्यूजडे," की कात्रीचा एक खचका. "जुलै नाइन," की दुसरा खचका. मग वर्ष, आणि मग कात्री खाली. तारीख लिहिताना जिथं कॉमा यायचा तिथं त्यांची कात्री चालायची. इकडे मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी डबे भरत असायची, आणि त्या दुसऱ्या खचक्याला माझ्या हातून हमखास भाजी डब्याबाहेर सांडायची.

त्या मला आवडायच्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. भिलाईच्या आमच्या सेक्टरमध्ये त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढणारं माणूस शोधून सापडलं नसतं, म्हणून म्हटलं, एक तरी असू द्यावं. आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये फक्त एक मेंदीचं कुंपण होतं. त्यांचे मिस्टर आणि आमचे हे, दोघंही स्टील प्लांटमध्ये. आम्ही दोघी एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, एकच विषय शिकवायला. तिसरी अ ला इंग्रजी लांजेवार बाई शिकवायच्या आणि तिसरी ब ला मी. म्हणजे दिवसभर शाळेत तुलना आणि संध्याकाळी घरी आल्यावर कुंपणावरून तुलना. देवानं माझ्यासाठी अगदी मोजून-मापून व्यवस्था केली होती.

दिसायला काही विशेष नाही. बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, नायलॉनची साडी आणि कमरेला खोचलेला खडू. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. माहेर नागपूरकडचं, त्यामुळे घरात बोलणं तिकडचं. वर्गात हिंदी, पुस्तकात इंग्रजी आणि माझ्याशी "कावून वो वैशाली, आज चेहरा असा कावून करून बसली?" असं. माझा चेहरा तसा असण्याचं कारण त्या स्वतःच होत्या, पण ते तोंडावर कसं सांगणार?

आता कॉमाचं प्रकरण सांगते. तिसरीच्या व्याकरणाच्या पुस्तकात तारीख लिहायची ती आधी महिना, मग तारीख, मग कॉमा, मग वर्ष अशी. ऑगस्ट १५, २०११. आठवड्याचा वार आला तर त्याच्यापुढे आणखी एक कॉमा. झालं. एवढंच. पण आठ वर्षांच्या पोरांना हे जन्मात जमत नाही. कुणी महिना आणि तारखेच्या मध्ये कॉमा घालतो, कुणी वर्षाच्या मागे घालतो, कुणी मिठासारखा सगळीकडे भुरभुरतो. मी रीतसर शिकवायची. फळ्यावर नियम, वहीत नियम, तोंडपाठ नियम. माझ्या वर्गातलं कुठलंही पोर झोपेतून उठवून विचारलं तर नियम घडाघडा म्हणायचं आणि मग कॉमा चुकीच्या जागी घालायचं.

चाचणीचे पेपर तपासून झाले तेव्हा अ वर्गाचे कॉमे जागच्या जागी आणि आमच्या वर्गात नुसता चिवडा. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हसून म्हणाल्या, "वैशाली, एकदा लांजेवार मॅडम की क्लास में बैठ के देखो ना." मी "जी मॅडम" म्हटलं आणि बाहेर येऊन पाण्याच्या टाकीशी उभी राहून दोन पेले पाणी प्यायले. माझ्याकडं बीएड होतं. लांजेवार बाईंकडंही होतं म्हणा, पण माझं पहिल्या श्रेणीतलं होतं.

तर मी जाऊन बसले, शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. बाईंनी खडूनं जमिनीवर दोन चौकोन काढले. "ये क्या है?" पोरं ओरडली, "क्वार्टर!" एका चौकोनात त्यांनी दोघांना उभं केलं, एकाच्या हातात ऑगस्टची पाटी, एकाच्या हातात पंधराची. "ऑगस्ट और पंद्रह एक ही क्वार्टर में रहते हैं. एक ही किचन." दुसऱ्या चौकोनात वर्षाची पाटी घेतलेला एक जाडजूड मुलगा. "ये पडोसी है. बहुत बड़ा आदमी, चार अंक वाला. दोनों क्वार्टर के बीच में क्या लगता है?" सगळा वर्ग एका सुरात, "मेंदी!" आणि मग कॉमा व्हायला अशी झुंबड उडाली म्हणता! प्रत्येकाला कॉमाच व्हायचं होतं. ऑगस्ट झालेला मुलगा तर रडकुंडीला आला, मला कॉमा करा म्हणून. ज्या मुलीला मान मिळाला ती दोन चौकोनांच्या मध्ये उकिडवी बसली आणि एक हात मागे वळवून कॉमासारखी शेपटी केली.

एका मुलानं वहीत कॉमा वर, अक्षरांच्या डोक्याशी काढला होता. बाई त्याच्याजवळ गेल्या. "बेटा, मेंदी हवा में उगती है क्या?" पोरगं खुदकन हसलं आणि त्यानं कॉमा ओळीवर आणून लावला. बस, एवढ्यात काम झालं. मी वर्षभर लाल पेनानं गोल करत होते.

मला राहवेना. मी शेवटच्या बाकावरून मुद्दाम विचारलं, "बाई, आणि उलटं लिहिलं तर? आधी तारीख, मग महिना, मग वर्ष. आपण एरवी तसंच लिहितो. मग कुंपण कुठं घालायचं?" मला वाटलं, आता अडकल्या. बाई माझ्याजवळ आल्या, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून मराठीत बोलल्या, तेही हसत हसत. "उलटं लिहिलं त महिना मधात येऊन बसते न वो. इकडे आकडा, तिकडे आकडा, अन् मधात माणूस बसला. मंग कुंपण कायले पाहिजे?"

अगं बाई गं, हे मला का सुचू नये? दोन आकडे एकमेकांना भिडू नयेत म्हणून कॉमा. मध्ये शब्द असला की गरजच नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला त्या बाकावर बसून, गुडघे पोटाशी घेऊन कळावी! त्या दिवशी घरी येऊन मी कुकरच्या चार शिट्ट्या जास्त होऊ दिल्या. आमच्या ह्यांनी पानावर बसता बसता विचारलं, "आज लांजेवार बाईंनी काय केलं, ते आधी सांगून टाक. मग जेवू." इतकं ते घरात पाठ झालं होतं.

मग मी ठरवलं, आपणही काहीतरी करायचं. त्यांची मेंदी, तर आपली रेल्वे. माझे वडील गार्ड होते, दुर्ग लाइनवर सगळा जन्म गेला त्यांचा. मी पोरांना सांगितलं की तारीख म्हणजे गाडी, महिना-तारीख एक डबा, वर्ष दुसरा डबा आणि कॉमा म्हणजे मधलं कपलिंग. किती छान! बाकडी बाजूला सारली. पोरं जोडली. पण कपलिंग म्हटल्यावर पोरं थोडीच दोन डब्यांवर थांबणार? त्यांनी सगळा वर्ग जोडला, एकमेकांचे शर्ट धरून शिट्ट्या मारत गाडी वर्गाबाहेर काढली, व्हरांड्यातून थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीपर्यंत नेली आणि परत आणली. एकाची बाही फाटली. दुसऱ्या दिवशी वहीत बघते तर प्रत्येक शब्दाच्या मागे कॉमा. डबे आहेत म्हटल्यावर कपलिंग हवंच ना मॅडम!

बाईंना कळलंच. संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला. "बापा! गाडी लयच लंबी जोडली म्हणे तू!" आणि हसणं. मी वाळलेले कपडे काढता काढता थांबले. आता टोमणा येणार म्हणून तयार होते. तर म्हणतात कशा, "पण तुही गाडी बी चांगली हाय वो. फक्त डबे दोनच ठेव. उद्या मी माह्या पोट्ट्यायले सांगून पाहतो." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वर्गात माझी गाडी चालवली, दोनच डब्यांची, आणि पोरांना सांगितलं की ही आयडिया ब वर्गाच्या मॅडमची आहे. बाईंच्या वर्गात ती गाडी रुळावर चालली. आता सांगा, अशा माणसावर धड रागावताही येत नाही. रागावता येत नाही याचा किती राग येतो, ते मला विचारा.

बाहेर गेलं तरी सुटका नाही. एकदा दोघी मिळून पावर हाउसच्या बाजारात गेलो, मला जुईसाठी फ्रॉकचं कापड घ्यायचं होतं. दुकानातल्या तरुण मुलानं बिल फाडता फाडता मान वर केली, बाईंकडे बघितलं आणि कान पकडून म्हणाला, "मॅडम, देखो, मेंदी लगा दी." बिलावरच्या तारखेत कॉमा! बाईंनी त्याच्या गालाला हात लावला. मी किती वर्षं शिकवत होते, मला बाजारात पोरं ओळख द्यायची ती नमस्कार करून पटकन पुढं सटकायची.

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. शाळा शाळेच्या जागी. पण जुई त्यांच्या वर्गात गेली.

जुई म्हणजे माझी मुलगी. एकुलती एक. शाळेत आईच्या वर्गात मुलाला घालायचं नाही असा रिवाज, म्हणून ती तिसरी अ मध्ये. पंधरा दिवसांत घरात दुसरं बोलणंच उरलं नाही. शाळेत बाईंना मॅडम म्हणायचं आणि घरी काकू, त्यामुळे तिनं त्यांचं नाव करून टाकलं, मॅडमकाकू. मॅडमकाकू असं म्हणतात, मॅडमकाकूकडे तसं करतात. मॅडमकाकूची सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली तळलेली वडी, खाऊन आली की माझ्या पोह्यांकडे बघायची नाही. अभ्यासाला बसवलं तर म्हणायची, "मम्मी, तू नको सांगू, मॅडमकाकू सांगतील." मी! जी तोच धडा शेजारच्या वर्गात शिकवून आलेली!

मागच्या अंगणात कुंपणाला तिनं ये-जा करून भगदाड पाडलं होतं. शाळेतून आली की दप्तर फेकायचं, आणि वाकून त्या भगदाडातून पलीकडे. फ्रॉकला सदा मेंदीची पानं. लांजेवारांना मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, त्यातही मिस्टर लांजेवार शिफ्टवर नाहीतर झोपलेले. त्यामुळे पलीकडे तिचं राज्य. तिथून दोघींचं हसणं ऐकू यायचं. कशाला एवढं हसतात, मला कधी कळलं नाही. अंधारून आलं की मी मागच्या दारात उभी राहून हाक मारायची, "जुई, चल घरी!" एका हाकेत कधी आली असेल तर शपथ. मग माझा आवाज चढायचा. चढलेल्या आवाजात लेकीला ओढून आणलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या पावसाळ्यात जुईला ताप आला. साधाच, हवा बदलल्याचा. मी रजा टाकून उशाशी बसलेली, कपाळावर पट्ट्या बदलतेय, आणि दुपारी पोरीनं डोळे उघडले ते मला ओलांडून दाराकडे बघितलं. म्हणाली, "मॅडमकाकूला बोलव ना." मी न ऐकल्यासारखं केलं. तिनं पुन्हा म्हटलं. शेवटी गेले मी, त्याच भगदाडातून वाकून, साडीला पानं लावून घेत. बाई आल्या, तिचा हात हातात घेतला, काहीतरी पुटपुटल्या आणि पोरगी झोपून गेली. मी पट्टीचं भांडं हातात धरून स्वतःच्याच घरात उभी.

बाई गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "रविवारी ते भगदाड बुजवून टाका. बोराटीच्या काट्या लावा, काहीही लावा." हे म्हणाले, "अगं, शेजारी काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू देत. मला माझी मुलगी माझ्या घरात हवी आहे." इतकं स्पष्ट बोलले. घराच्या भिंतींनी ऐकलं असेल तर असेल, बाहेर ते गेलं नसावं.

रविवारी सकाळी मी मागचं दार उघडलं आणि बघतच राहिले. भगदाड बुजलेलं होतं. बाई चिखलात पाय रोवून बसलेल्या, मेंदीच्या काड्या लावून झालेल्या, वरून बोराटीच्या काट्या टाकून सुतळीनं आवळत होत्या. हात ओरबाडलेले. मला बघून म्हणाल्या, "पावसात काडी लवकर जीव धरते." आणि पुन्हा गाठ मारायला लागल्या.

जुई बाहेर आली आणि रडायलाच लागली. बाईंनी वर न बघता सांगितलं, "गेटातून येत जाय बेटा. समोरून. अन् आईले सांगून." जुई पाय आपटत आत गेली. समोरून जायचं म्हणजे सगळ्या ओळीला वळसा, आणि वर आईला सांगायचं. ती जायची, पण कमी. पहिल्यांदा दोन दिवसांनी, मग आठवड्यानं. चौथीत तिला दुसऱ्या बाई आल्या. माझ्या पोह्यांना चव आली, अभ्यास मी घेऊ लागले, रात्री माझ्या कुशीत शिरून शाळेतल्या गोष्टी सांगू लागली. मला हवं होतं तेच सगळं.

पण काय सांगू, त्याचंही सुख धड लागलं नाही. कारण ते मी मिळवलं नव्हतं, त्यांनी दिलं होतं. कुंपण मी घालणार होते! मनातलं ओळखून, माझ्याआधी उठून, मला वाईटपणा न येऊ देता त्यांनी ते घातलं. केवढं मोठं मन, असं सगळी कॉलनी म्हणाली असती, कळलं असतं तर. म्हणजे इथंही त्याच पुढे आणि मी मागच्या बाकावर. वर्षं गेली, काड्यांची झाडं झाली. बाईंनी तेवढाच भाग छाटायचा सोडून दिला. बाकीचं कुंपण कमरेएवढं आणि तिथं माणसाच्या डोक्याच्या वर. शिस्तीच्या बाईचं असं कसं, हे मला कधी उमगलं नाही, आणि विचारायची मी कशाला?

जुई दहावीत होती तेव्हा मिस्टर लांजेवार रिटायर झाले. रिटायर झालं की क्वार्टर सोडावंच लागतं. त्यांनी दुर्गला बोरसीत लहानसं घर बांधलं होतं. बाईंचीही नोकरी संपत आली होती, शेवटची थोडी वर्षं त्या तिथूनच ये-जा करणार होत्या. सामान न्यायला ट्रक आला. सकाळपासून कॉलनी लोटली होती, संध्याकाळपर्यंत पांगली. जुई मागच्या रिकाम्या खोल्या झाडत होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी चहा घेऊन गेले, समोरून, गेटातून. बाई पायरीवर एकट्या बसल्या होत्या.

चहाचा कप हातात दिला आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "बाई, तुमचा मला फार हेवा वाटत आला. पहिल्या दिवसापासून."

"मले मालूम हाय न," बाई म्हणाल्या. फुंकर मारून चहाचा घोट घेतला. "तुह्या तोंडावरच लिहून राहते."

"आणि ते कुंपण तुम्ही बुजवलंत, त्याचा तर सगळ्यात जास्त. तेवढा मोठेपणा मला कधी जमला नसता."

बाईंनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, मागच्या अंगणाकडे बघत बोलल्या. "मोठेपणा कायचा वो, वैशाली. पोरगी दिवसभर माह्यापाशी बसे. खाय, हसे, माह्या मांडीवर डोकं ठेवून झोपे. मले वाटे, माहीच हाय. अन् अंधार पडला की तू हाक मारे, जुई, चल घरी. अन् ती उठून चालली जाय. रोज. ती हाक मले ऐकवत नव्हती. कानात बोटं घालून बसावं वाटे. तिले ताप आला न, त्या दिवशी तिचा हात सोडून उठली मी, तवाच समजलं, आता हे आपल्याले झेपत नाही. म्हणून लावलं कुंपण. तुह्यासाठी नाही. माह्यासाठी."

मी मागच्या अंगणातल्या त्या डोक्यावर गेलेल्या मेंदीकडे बघितलं.

"अन् मंग वाढू देल्लं," त्या म्हणाल्या. "तुह्या दोरीवर तिचे फ्राक वाळत राहत न. ते दिसू नये म्हणून." मग थोडं हसल्या. "तुले माहा हेवा वाटे म्हणते. पागल हाय तू. तुह्याजवळ काय होतं, ते तुले कधी दिसलंच नाही. मले त रोज दिसे."

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. अंधारून आलं होतं. बाई उठल्या, पदर खोचला. "चल, बोलाव तिले. मार हाक."

इतकी वर्षं जी हाक मी घसा ताणून मारली, ती आता त्यांच्या समोर कशी मारू? "तुम्हीच बोलवा," मी म्हटलं.

"नाही. तूच मार. आता मी तशीबी चालली."

मी हाक मारली. जुई, चल घरी. बाई ट्रकच्या फाळक्याला हात लावून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. जुई झाडू टाकून बाहेर आली ती एका हाकेत. पहिल्यांदाच. ती बाईंच्या पाया पडली, बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला. ट्रक गेला तेव्हा मी रडले. जुईला वाटलं, मैत्रीण गेली म्हणून आई रडतेय. तसंच असेल, मला तरी कुठं नक्की माहीत आहे?

बोरसीला मी जात राहिले. तिथंही त्यांनी दोन हात जागेत मेंदी लावली होती, तिथंही गल्लीतली पोरं जमवली होती. शाळेत तिसरी अ माझ्याकडे आली. कॉमा शिकवायला मी खडूनं दोन क्वार्टर काढते. दुसरं काही शिकवायचं नाही अशी शपथच घेतल्यासारखं. पोरांना कॉमाच व्हायचं असतं, अजूनही. मागच्या थंडीत बाई गेल्या. पुण्याहून जुई आली, तिथं ती नोकरी करते. दुर्गला गाडीतून उतरली ती आधी बोरसीला गेली आणि मग आमच्याकडे आली. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात, पण मी काय करू?

जुई परत गेली. घरात आता आम्ही दोघंच, आणि हे शिफ्टवर नाहीतर झोपलेले.

शेजारच्या क्वार्टरमध्ये नवीन बिऱ्हाड आलं आहे. आंध्रकडचे आहेत. आल्या आल्या त्यांनी बाईंची ती डोक्यावरची मेंदी कापून कमरेएवढी केली. त्यांची पाच वर्षांची मुलगी, लक्ष्मी, एक दिवस खालून वाकून आमच्याकडे आली. आता रोज येते. येऊन येऊन तिथंच पुन्हा भगदाड पडलं आहे. मी तिच्यासाठी सांबारवडी करायला शिकले. ती खाते, तेलकट हात माझ्या पदराला पुसते आणि खडूनं माझ्या ओट्यावर काहीबाही काढत बसते. आणि अंधार पडला की पलीकडून तिची आई हाक मारते. तेलुगूत मारते, मला शब्द कळत नाहीत. पण काय म्हणते ते कळतं. लक्ष्मी लगेच उठते आणि वाकून निघून जाते.

पाऊस तोंडावर आला आहे. काडी लावली तर लवकर जीव धरेल. रोज सकाळी मी त्या भगदाडाशी कात्री घेऊन उभी राहते आणि तशीच परत घरात येते. माझ्यानं होत नाही. बाईंच्यानं झालं होतं. त्याचाही मला हेवा वाटतो.